कंपनाचा हिशेब

(खामगाव येथे एका स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



विज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या एका शिक्षकांच्या स्मरणार्थ ही माला चालते. त्यांचे विद्यार्थी आज केस पांढरे झालेले असे इथे पुढच्या रांगेत बसले आहेत. सरांची एक सवय त्यांनी मला आधीच सांगून ठेवली. कुणी मोठी कल्पना मांडली की सर शांतपणे खडू पुढे करायचे आणि म्हणायचे, ‘बरं, आता आकडे मांड.’ तेव्हा आज मीही आकडेच मांडणार आहे.

विषय आहे आपल्या अवतीभवती सतत चाललेल्या कंपनांतून वीज मिळवण्याचा. मोटार थरथरते, पूल हलतो, रेल्वेचा रूळ दबतो, हजारो माणसांची पावलं फरशीवर आपटतात. ही सगळी हालचाल वायाच जाते, मग ती पकडून वीज का करू नये? प्रश्न रास्त आहे, आणि तशी वीज खरोखर मिळते. ‘चालता चालता वीज’, ‘रस्त्यातून वीज’ अशा मथळ्यांच्या बातम्या अधूनमधून आपण वाचतो. पण या विजेचं काम बातमीत सांगतात ते नाही. तिने गावातले दिवे लागणार नाहीत. जिथे तार नेणं अवघड, ऊन पोचत नाही आणि माणसाला वारंवार जाता येत नाही, अशा जागी एखादा छोटासा संवेदक जागा ठेवणं हे तिचं काम आहे. अशा जागा आपल्या जिल्ह्यात कुठे आहेत, ते आज पाहू.

दाबलेला स्फटिक

सुरुवात पायाखालच्या दगडापासून करू. आपला काळा दगड म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. लाव्हा थंड होताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपत राहिलं आणि गारगोट्या, क्वार्ट्झचे स्फटिक तयार झाले. विहिरीच्या खोदकामातल्या दगडांच्या ढिगात ते चमकतात आणि पोरं ते खिशात घालून घरी आणतात.

या क्वार्ट्झची एक गंमत आहे. त्याच्यात सिलिकॉनवर धन आणि ऑक्सिजनवर ऋण प्रभार असतो. एरवी त्यांची मांडणी अशी असते की दोन्ही प्रभारांचं पारडं समान राहतं. मात्र या मांडणीला सममितीचं केंद्र नाही. स्फटिक ठरावीक दिशेने दाबला की धन प्रभार किंचित एका बाजूला आणि ऋण किंचित दुसऱ्या बाजूला सरकतात, आणि समोरासमोरच्या दोन पृष्ठभागांवर वीज उमटते. आपल्या जेवणातलं मीठही स्फटिकच आहे, पण त्याची रचना केंद्राभोवती अगदी सममित असल्यामुळे ते कितीही दाबलं तरी काही होत नाही.

हे १८८० साली पॅरिसमध्ये झाक आणि पिएर क्युरी या दोन तरुण भावांनी दाखवलं. क्वार्ट्झ, तुरमली, पुष्कराज या खनिजांबरोबर त्यांच्या यादीत उसाची साखरही होती. पुढच्याच वर्षी, १८८१ मध्ये, गाब्रिएल लिपमान यांनी उष्मागतिकीच्या आधारे गणित मांडून सांगितलं की उलटंही घडायला हवं : वीज दिली तर स्फटिक आकुंचन-प्रसरण पावेल. क्युरी बंधूंनी तेही प्रयोगाने पडताळलं. दाब दिला की वीज आणि वीज दिली की हालचाल, या दुहेरी गुणाला दाबविद्युत म्हणतात. कारखान्यात आणि दुकानात सगळे ‘पिझो’ म्हणतात, मीही तेच म्हणेन.

या शोधाचा पहिला मोठा उपयोग कशासाठी झाला, ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. युरेनियमच्या किरणांमुळे हवेतून जो अतिशय क्षीण विद्युतप्रवाह वाहतो, तो मोजायला मारी क्युरींनी पिझो क्वार्ट्झ वापरला. क्वार्ट्झच्या पट्टीवर वजनं ठेवायची, तिच्यातून निघणाऱ्या प्रभाराने मोजायचा प्रभार बरोबर फेडायचा आणि वेळ नोंदवायचा. १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियम सापडलं ते या मोजणीच्या जोरावर. पहिल्या महायुद्धाच्या काळात पिएर क्युरींचे विद्यार्थी पॉल लांजव्हँ यांनी पाण्याखालच्या पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी क्वार्ट्झमधून श्राव्यातीत ध्वनी निर्माण केला. मनगटावरच्या घड्याळातला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि वेळ सांगतो. सोनोग्राफीच्या प्रोबमध्येही पिझोच असतो. मोजणं, ऐकणं, वेळ राखणं ही सगळी कामं अल्प ऊर्जेची आणि मोठ्या माहितीची आहेत.

आता स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर घ्या. खटका दाबला की आत स्प्रिंगने ताणलेला छोटा हातोडा सिरॅमिकच्या एका तुकड्यावर आदळतो. त्या तुकड्याच्या दोन टोकांत हजारो व्होल्ट उमटतात आणि ठिणगी पडते. त्या ठिणगीवर चमचाभर पाणीसुद्धा कोमट होणार नाही. चहा उकळतो तो सिलिंडरमधल्या गॅसच्या ऊर्जेवर. पिझोने फक्त इशारा दिलेला असतो.

त्या लायटरमधला तुकडा क्वार्ट्झचा नसतो. तो असतो लेड झिर्कोनेट टायटॅनेटचा, म्हणजे पीझेडटीचा. १९४० च्या दशकात बेरियम टायटॅनेट आणि १९५० च्या दशकात पीझेडटी ही सिरॅमिक पुढे आली. तितक्याच दाबाला पीझेडटी क्वार्ट्झच्या शंभरपटीहून अधिक प्रभार देतं. कंपनातून वीज काढण्याची आजची बहुतेक स्वप्नं या मातकट रंगाच्या चकतीवर उभी आहेत.

प्रदर्शनातलं मॉडेल

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात हे मॉडेल तुम्ही पाहिलेलं असेल. प्लायवूडच्या दोन फळ्यांमध्ये फोम, त्यावर ३५ मिलिमीटरच्या पितळी चकत्या, पाठीवर पांढरं सिरॅमिक. सगळ्या चकत्यांच्या तारा चार डायोडांच्या ब्रिजला, पुढे कपॅसिटर, आणि शेवटी एलईडी. विद्यार्थिनी फळीवर पाय देते, एलईडी लुकलुकतो आणि मल्टिमीटरवर २० व्होल्ट दिसतात. परीक्षक विचारतात, ‘याने मोबाइल चार्ज होईल का?’ आणि ती आत्मविश्वासाने सांगते, ‘हो सर, चकत्या वाढवल्या की होईल.’

खडू आता आपण हातात घेऊ. अशा एका चकतीची धारकता साधारण ३० नॅनोफॅरड असते. ती २० व्होल्टला चार्ज झाली तर तिच्यात साठलेली ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले धारकता गुणिले व्होल्टचा वर्ग. उत्तर येतं सहा मायक्रोज्यूल. दहा चकत्या म्हणजे साठ मायक्रोज्यूल. लाल एलईडी नीट दिसायला सुमारे दहा मिलिवॅट लागतात, म्हणजे हा साठा तो सहा मिलिसेकंद पेटवतो. म्हणूनच तो लुकलुकतो, पेटून राहत नाही.

मोबाइलच्या ४,००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे ५५ हजार ज्यूल ऊर्जा मावते. साठ मायक्रोज्यूल प्रत्येक पावलाला धरले तर ती भरायला नव्वद कोटींहून अधिक पावलं लागतील. रोज दहा हजार पावलं चालणाऱ्या माणसाला अडीचशे वर्षं लागतील. पाय उचलतानाही चकतीतून उलट झटका मिळतो. तो उदारपणे धरला तर सव्वाशे.

मल्टिमीटरवरचे २० व्होल्ट खोटे नव्हते. पण व्होल्ट म्हणजे ऊर्जा नव्हे. त्या मुलीचं मॉडेलही चुकीचं नाही, फक्त तिला विचारलेला प्रश्न चुकीचा होता. ‘साठ मायक्रोज्यूलमध्ये काय काय करता येईल?’ असं कुणी विचारलं असतं तर तिने कदाचित फार चांगलं उत्तर दिलं असतं.

भाविकांची पावलं, ट्रकची चाकं

यावर कुणी म्हणेल, चकत्या हलक्या होत्या, मोठी यंत्रणा बसवा. आणि जागाही सुचवेल : शेगाव. उत्सवाच्या दिवशी तिथल्या मंदिराच्या दर्शनबारीत जी गर्दी होते, तेवढी पावलं विदर्भात दुसरीकडे क्वचितच पडत असतील.

हिशेब सोपा आहे. साठ किलोच्या माणसाचं वजन सुमारे ६०० न्यूटन. फरशी त्याच्या पायाखाली पाच मिलिमीटर दबली तर त्या पावलातून मिळू शकणारी जास्तीत जास्त ऊर्जा तीन ज्यूल. ही वरची मर्यादा झाली, पिझोच्या हाती त्यातला थोडाच भाग लागतो. तरी आपण हात सैल सोडू आणि पावलामागे एक ज्यूल धरू. समजा, एका दिवसात एक लाख भाविक आले आणि प्रत्येकाची शंभर पावलं या फरशीवर पडली. एकूण एक कोटी ज्यूल. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे लाखभर भाविकांच्या चालण्यातून मिळाली पावणेतीन युनिट वीज. गच्चीवरचं एक किलोवॅटचं सौर पॅनल आपल्या उन्हात दिवसाला चारेक युनिट देतं, आणि त्याला कुणाची पावलं लागत नाहीत.

शिवाय ही ऊर्जा फुकटची नाही. फरशी दबते तेव्हा प्रत्येक पावलाला भाविकाच्या पायांना थोडं जास्त काम पडतं, वाळूतून चालल्यासारखं. लांबून चालत आलेल्या म्हाताऱ्या माणसाकडून आपण ती वीज वसूल करत असतो. टोकियो स्टेशनच्या तिकीट-फाटकांपाशी २००६ आणि २००८ साली जपानच्या एका रेल्वे कंपनीने अशा फरशांचे प्रयोग केले. ते गाजले, त्यातून शिकायलाही मिळालं. स्टेशन मात्र पूर्वीच्याच विजेवर चालत राहिलं.

रस्त्याचंही तेच. २००९ साली इस्रायलमध्ये एका रस्त्याच्या पोटात पिझोचे ठोकळे बसवून चाचणी झाली, तेव्हा जगभर बातम्या आल्या. आपल्याकडे मेहकर, सिंदखेडराजावरून समृद्धी महामार्ग जातो. ट्रकच्या एका चाकाचा भार पाच टन धरा आणि रस्ता अर्धा मिलिमीटर दबतो असं माना. एका चाकामागे जास्तीत जास्त पंचवीस ज्यूल. पण काँक्रीटचा रस्ता तेवढाही दबत नाही, आणि जे दबतं ते स्प्रिंगसारखं परत उसळतं. मुद्दाम जास्त दबणारा रस्ता केला तर ट्रकला तेवढं जास्त डिझेल लागेल. डिझेल जाळून वीज करायची असेल तर जनरेटर त्याहून बरा.

यातून एक कसोटी हाती येते. ज्या हालचालीतली ऊर्जा एरवीही उष्णता किंवा आवाज होऊन जाणारच आहे, तिच्यातूनच काढलेली वीज खऱ्या अर्थाने वाचवलेली असते. यंत्राचा थरथराट असा आहे. आपण शोधायचं ते तिथे.

दोन हजार आठशे ऐंशी फेऱ्या

शेतातल्या मोनोब्लॉक पंपाच्या पाटीवर बहुधा २८८० आरपीएम असा आकडा असतो. मिनिटाला २८८० म्हणजे सेकंदाला ४८ फेऱ्या. दुसऱ्या जातीच्या मोटारींवर १४४० असतो, म्हणजे सेकंदाला २४. फिरणाऱ्या भागाचा तोल अगदी शंभर टक्के कधीच नसतो, म्हणून मोटारीचं अंग त्याच ठेक्यावर हलत राहतं, ४८ किंवा २४ हर्ट्झने.

ही हालचाल डोळ्याला दिसत नाही. ती वाढवण्यासाठी यंत्राला एक लहान पट्टी एका टोकाने घट्ट बसवतात. पट्टीवर पिझो चिकटवलेला असतो आणि मोकळ्या टोकाला थोडं वजन. पट्टीची लांबी, जाडी आणि वजन असं निवडायचं की तिचा स्वतःचा ठेका यंत्राच्या ठेक्याशी जुळेल. झोक्यावर बसलेल्या पोराला योग्य वेळी नुसतं बोट लावत राहिलं तरी झोका उंच जातो, तसं यंत्राच्या थरथराटाने पट्टीचं टोक पंचवीसपट जास्त हलू लागतं. पट्टी वाकते, पिझो ताणला-दाबला जातो आणि वीज निघते.

किती? दहा ग्रॅमचं वजन घ्या, यंत्राच्या कंपनाचं त्वरण गुरुत्वत्वरणाच्या दहाव्या हिश्शाइतकं धरा, ठेका ४८ हर्ट्झ. आदर्श गणिताने सुमारे २०० मायक्रोवॅट मिळतात. डायोडमधला घसारा आणि साठवणीतली गळती वजा करून १०० मायक्रोवॅट हाती आले तर उत्तम. कंपनाचं त्वरण दुप्पट झालं तर वीज चौपट होते, निम्मं झालं तर चौथाई राहते.

आता यातली मेख. पट्टी जितकी नेमकी जुळवावी तितकी ती हट्टी होते. मघाच्या पंचवीसपट हलणाऱ्या पट्टीचा ठेका ४८ असेल आणि मोटार ४९ ला गेली तर वीज निम्म्यावर येते. आणि मोटार ४९ ला जातेच : भार कमी झाला, विहिरीतलं पाणी खाली गेलं की तिच्या फेऱ्या वाढतात. प्रयोगशाळेतली सुंदर उपकरणं शेतात किंवा कारखान्यात नापास होतात ती बहुधा इथे. मग पट्टी थोडी कमी नेमकी ठेवून ठेक्यांच्या रुंद पट्ट्यात काम करणारी करतात किंवा वेगवेगळ्या लांबीच्या दोन-तीन पट्ट्या शेजारी लावतात. प्रत्येक उपायात थोडी वीज गमवावी लागते.

जिनिंगमधलं बेअरिंग

शंभर मायक्रोवॅट ऐकून हसू येईल. म्हणून मी तुम्हाला एका जागी नेतो.

१८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी. तेव्हापासून या गावाचं आणि जिनिंग-प्रेसिंगचं नातं आहे. डबल रोलर जिन तुमच्यापैकी अनेकांनी जवळून पाहिलं असेल. चामड्याच्या चकत्यांचे दोन रोलर फिरतात, त्यांना टेकलेल्या स्थिर सुऱ्या रुई धरतात, हलती सुरी सतत खालीवर होते आणि सरकी सुटून खाली पडते. सगळ्या शेडमध्ये उडती रुई. ती मोटारीवर, केबलवर, छताच्या कैचीवर, दिव्यांवर साचते. तिथे सौर पॅनल ठेवलं तर तासाभरात झाकलं जाईल, आणि तसंही आत ऊन कुठे?

जिनिंगला आगीची भीती असते. कपाशीत आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा, कुठेतरी शॉर्टसर्किट, आणि तिसरं कारण म्हणजे गरम झालेलं बेअरिंग. ग्रीस संपलेलं किंवा गोळ्या झिजलेलं बेअरिंग आधी आवाज बदलतं, मग तापतं. जुना फिटर शाफ्टच्या घरावर हात ठेवून किंवा लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून मूठ कानाला लावून ते ओळखतो. पण रात्रपाळीत वीस-पंचवीस जिनांचं, पंख्यांचं, कन्व्हेअरचं प्रत्येक बेअरिंग एक माणूस किती वेळा ऐकणार?

प्रत्येक बेअरिंगच्या घरावर नाण्याएवढा संवेदक बसवला, त्याने तापमान आणि कंप मोजून बिनतारी निरोप पाठवला, तर काम होईल. अडचण त्याच्या विजेची. प्रत्येक संवेदकाला वायर ओढली तर रुईने भरलेल्या शेडमध्ये जोडांची संख्या वाढते, दुरुस्तीच्या वेळी वायरी तुटतात आणि आगीचं एक कारण आपणच वाढवतो. इथे ते शंभर मायक्रोवॅट कामाला येतात. संवेदक झोपलेला असताना दहा मायक्रोवॅटवर राहू शकतो. दूरवर पोचणारा एक रेडिओ निरोप पाठवायला साधारण दशांश ज्यूल लागतो. शंभर मायक्रोवॅटने अर्ध्या तासात ०.१८ ज्यूल जमतात. म्हणजे झोपेचा खर्च जाऊन दर अर्ध्या तासाला एक निरोप आरामात जातो. निरोप गोळा करणारा गेटवे शेडमध्येच ठेवला आणि कमी पल्ल्याचा रेडिओ वापरला तर त्याहून बराच लवकर.

या जागेचा मला सर्वांत आवडणारा गुण वेगळा आहे. इथे ऊर्जेचा स्रोत आणि ज्याच्यावर लक्ष ठेवायचं ते यंत्र एकच आहे. हंगाम संपला, जिन बंद पडलं, तर कंपही बंद आणि वीजही बंद. पण तेव्हा बेअरिंगला विचारण्यासारखंही काही नसतं. दिवाळीनंतर जिन सुरू झालं की संवेदक आपोआप जागा होतो. आणखी एक : कपॅसिटर भरायला किती वेळ लागला, एवढं जरी मोजलं तरी कंप वाढला की घटला ते कळतं. वीज करणारी पट्टी स्वतःच मोजमापही करते. क्युरींच्या क्वार्ट्झपासून चालत आलेलं हे काम आहे.

सेलशी स्पर्धा

इथे एखादा चाणाक्ष श्रोता विचारेल, ‘एवढंच लागत असेल तर त्यात सेल का टाकत नाही?’ अगदी बरोबर. वीजमीटरसारख्या उपकरणांत वापरला जाणारा ३.६ व्होल्टचा पेन्सिल सेलच्या आकाराचा लिथियम सेल सुमारे ३१ हजार ज्यूल देतो. शंभर मायक्रोवॅटने खर्च केला तर तो कागदावर जवळजवळ दहा वर्षं पुरतो. कंपनवीज विकणारा प्रत्येक माणूस या सेलशी स्पर्धा करत असतो, आणि बहुतेक ठिकाणी सेल जिंकतो. जिथे ऊन आहे तिथे तर स्पर्धाच नाही : तळहाताएवढं सौर पॅनल भर दुपारी दीड वॅटच्या वर देतं, आपल्या पट्टीच्या हजारो पट. रोहित्राची, म्हणजे आपल्या डीपीची गुणगुण सेकंदाला शंभर वेळा होते, तिच्यातूनही वीज काढता येईल. पण डीपीत मुळात लाईनच आहे. तिथे कंपनापुढे हात पसरायची गरज नाही.

मग पिझो कुठे जिंकतो? जिथे उष्णतेने सेलचं आयुष्य झपाट्याने घटतं तिथे. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालचं तापमान काय असतं ते सांगायला नको, त्यात यंत्राच्या अंगाची उष्णता मिळवा. जिथे संवेदक शेकडो असतात आणि सेल बदलायला प्रत्येक वेळी यंत्र थांबवावं लागतं तिथे. आणि जिथे निरोप इतक्या वारंवार हवा असतो की सेल दहा वर्षांऐवजी दहा महिन्यांत संपतो तिथे. अशा जागी हिशेब उलटतो, कारण खर्च सेलच्या किमतीचा राहत नाही, तो बदलायला जाणाऱ्या माणसाचा आणि थांबलेल्या यंत्राचा होतो.

अशी एक जागा मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या स्टेशनांवरून दिवसरात्र जाते : मालगाडी. मालडब्याला वीज नसते. दिवा नाही, पंखा नाही, तार नाही. पण त्याच्या चाकांची बेअरिंग तापतात, आणि तापलेलं बेअरिंग, रेल्वेच्या भाषेत हॉट अ‍ॅक्सल, गाडी रुळावरून उतरवू शकतं. म्हणून गाडी न थांबता जाताना स्टेशनवरचा कर्मचारी झेंडी घेऊन उभा राहतो आणि डब्यांखाली धूर, लाल झालेली पेटी, लोंबणारा भाग दिसतो का ते पाहतो. दोन स्टेशनांमध्ये काय होतं ते त्याला दिसत नाही. चाकाजवळचा कंप मात्र तिथे भरपूर असतो. ब्रिटनमध्ये प्रवासी गाड्यांच्या बोगीवर स्वतःच्या कंपनावर चालणारे बेअरिंग-संवेदक प्रत्यक्ष वापरात आले. त्यात पिझोऐवजी चुंबक आणि तारेचं वेटोळं होतं. कारण उघड आहे. एक मीटर व्यासाचं चाक ताशी ६० किलोमीटरला सेकंदाला पाचेक फेरे घेतं, वेग बदलला की ठेका बदलतो, आणि इतक्या मंद, मोठ्या हेलकाव्याला चुंबक-वेटोळं जास्त मानवतं. पिझो वेगवान, लहान, स्थिर कंपनाचा. साधन जागेवरून निवडायचं, आवडीवरून नव्हे.

शिसं आणि तडे

पीझेडटीचे दोन दोषही सांगितले पाहिजेत. एक, ते ठिसूळ आहे. कोट्यवधी वेळा वाकलं की सूक्ष्म तडे जातात, चिकटवलेली तार सुटते. ४८ हर्ट्झने चालणारी पट्टी वर्षभरात दीडशे कोटी वेळा वाकते, हे डोळ्यांसमोर ठेवा. दुसरं, त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसं आहे. संवेदक हजारोंनी लावायचे आणि मग भंगारात टाकायचे, हे शिशाच्या बाबतीत परवडत नाही. १९६९ साली जपानच्या कावाई यांनी पीव्हीडीएफ या प्लास्टिकच्या पातळ पडद्यात दाबविद्युत गुण दाखवला. तो लवचीक आहे, तुटत नाही, पण वीज कमी देतो. पोटॅशियम, सोडियम आणि नायोबियमच्या शिसंविरहित सिरॅमिकवर २००४ पासून जोरात काम चालू आहे. काही बाबतीत ती पीझेडटीच्या जवळ आली आहेत, तरी सर्व गुणांत, सर्व तापमानांत आणि तितक्या स्वस्तात त्याची जागा घेणारा एकच पदार्थ अजून मिळालेला नाही.

कंपनांची नोंदवही

आता जिल्ह्यासाठी एक सूचना करून थांबतो. शेगावला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, चिखलीला आहे, तंत्रनिकेतनं आणि आयटीआय आहेत. या संस्थांतल्या विद्यार्थ्यांनी पुढचं मॉडेल बांधण्याआधी एक वर्ष नुसती मोजणी करावी. साधन खिशात आहे. प्रत्येक स्मार्टफोनमध्ये त्वरणमापक असतो, आणि जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेलं फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप त्याचे आकडे आणि ठेके दाखवतं. फोन सेकंदाला किती नमुने घेतो ते आधी पाहावं. ४८ हर्ट्झ पकडायला त्याच्या दुपटीहून जास्त नमुने लागतात. आणि फोन फिरत्या भागापासून लांब, पट्ट्याने घट्ट बांधावा.

जिनिंग, सरकीचं तेल काढणारी गिरणी, डाळमिल, पिठाची गिरणी, पाणीपुरवठ्याचे पंप, धरणाचे दरवाजे, पुलांचे गर्डर : प्रत्येक ठिकाणी काही रकाने भरायचे. पाटीवरच्या फेऱ्या. प्रत्यक्ष ठेका, भार असताना आणि नसताना. त्वरण. दिवसाला किती तास चालतं. वर्षाला किती महिने. पृष्ठभागाचं तापमान. आणि शेवटचे तीन प्रश्न : इथे तार पोचते का, ऊन पोचतं का, माणूस सहज पोचतो का? या तीनपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर ती जागा पिझोची नाही, तिथे वायर, पॅनल किंवा सेल लावून मोकळं व्हावं. तिन्हींची उत्तरं ‘नाही’ आणि त्वरण चांगलं असेल, तर तिथे पट्टी बसवून वर्षभर चालवून पाहावी.

अशी वही या जिल्ह्याकडे असेल तर बाहेरचा कुणी रस्त्याखालच्या विजेचा प्रकल्प घेऊन आला की त्याच्यापुढे ती ठेवता येईल. वर्षभराने त्या वहीत दहा जागा निघाल्या तर कारखानदारांशी बोलायला आधार मिळेल. आणि एकही निघाली नाही, तर तेही मोजमापासकट छापून ठेवा. कारण ‘इथे हे जमत नाही, आणि का जमत नाही’ हे आकड्यांत लिहिलेलं असलं की पुढच्या प्रदर्शनातल्या मुलीला मोबाइल चार्ज करण्याचं आश्वासन द्यावं लागणार नाही. ती परीक्षकांना सांगू शकेल की माझ्याकडे साठ मायक्रोज्यूल आहेत, आणि त्यांचं काय करायचं ते मला माहीत आहे.